टेस्ट आमचीच का?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून वस्तीतली माणसे विहाराच्या ओट्यावर बसली होती. एक मुलगी सांगत होती, तिची पुढच्या आठवड्यात क्लासमध्ये नीटची सराव टेस्ट आहे. तिचा काका म्हणाला, डॉक्टरने साखरेची टेस्ट करायला सांगितली आहे. दोन पोरे टेस्ट मॅचवरून वाद घालत होती. एक शिक्षिका पंधरा वर्षे नोकरी करून पुन्हा टीईटीचे पुस्तक घेऊन बसावे लागते म्हणून वैतागली होती. कोपऱ्यात बसलेल्या आजीने हे सारे ऐकले. आजीच्या लेखी टेस्ट म्हणजे चव. वांग्याच्या भाजीला टेस्ट आली की नाही, एवढाच तिचा त्या शब्दाशी संबंध. ती म्हणाली, "काय लावलं रे हे टेस्ट टेस्ट? एका शब्दात सारं कसं मावते बाप्पा?" पोरांनी तिला अर्थ समजावून सांगितला. थोडा वेळ ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "बरं, समजलं. पन ह्या साऱ्या टेस्टा आपल्यालेच काहून द्या लागते? त्यायची कोन घेते?"

वाचकहो, अक्षरओळख नसलेल्या या आजीने विचारलेला प्रश्न आजच्या राजकारणाचा, शिक्षणाचा आणि न्यायव्यवस्थेचा कळीचा प्रश्न आहे. परीक्षा कुणी द्यायची आणि कुणी घ्यायची? घेणाऱ्याची परीक्षा कधी होते काय? या लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आधी शब्द पाहू. मराठीत आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत. विद्यार्थ्याची परीक्षा, रक्ताची तपासणी, यंत्राची चाचणी, दाखल्याची पडताळणी, माणसाची पारख, सोन्याची कसोटी. इंग्रजीने हे सारे 'टेस्ट' या एका शब्दात कोंबले आणि आपणही तो जसाच्या तसा उचलला. या शब्दाचे मूळ मोठे बोलके आहे. लॅटिन भाषेत 'टेस्टम' म्हणजे मातीचे भांडे, मडके. सोन्या-चांदीत भेसळ आहे की काय हे पाहण्यासाठी युरोपातले कारागीर तो धातू शिशाबरोबर एका सच्छिद्र भांड्यात घालून भट्टीत तापवीत. शिसे आणि हिणकस धातू ते भांडे शोषून घेई, अस्सल सोने-चांदी मागे उरे. त्या भांड्याला इंग्रजीत 'टेस्ट' म्हणत. पुढे भांड्याचे नाव तपासणीलाच पडले. म्हणजे टेस्ट या शब्दाचा मूळ अर्थ मडके!

आणि मडके म्हटले की आपल्याला दुसरेच मडके आठवते. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके बांधलेले असे, कारण त्याची थुंकी रस्त्यावर पडून एखादा हिंदू विटाळू नये. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ही गोष्ट जगापुढे मांडली. युरोपातल्या मडक्यात सोने पारखले जाई. आमच्या गळ्यातल्या मडक्यात काहीच पारखले जात नव्हते. निकाल जन्माच्या वेळीच लागलेला होता, मडके फक्त तो निकाल मिरवत होते. खरी परीक्षा आणि परीक्षेचे सोंग यांतला फरक येथेच आहे. आज आपल्यापुढे ज्या टेस्ट ठेवल्या जातात, त्यांतली प्रत्येक टेस्ट यांपैकी कोणत्या मडक्याची आहे हे ओळखायला आपण शिकले पाहिजे.

सुरुवात गुणवत्तेपासून करू, कारण आरक्षणविरोधकांचे ते लाडके शस्त्र. वैद्यकीय प्रवेशासाठी 'नीट' ही देशभर एकच परीक्षा २०१३ साली प्रथम झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. २०१६ साली तो निर्णय मागे घेतला गेला आणि परीक्षा सक्तीची झाली. एक देश, एक परीक्षा ऐकायला बरे वाटते. पण देशात शाळा एक आहे काय? २०१७ साली तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलीने बारावीला १२०० पैकी ११७६ गुण मिळविले. राज्याच्या जुन्या पद्धतीने तिला वैद्यकीय प्रवेश मिळू शकला असता. नीटमध्ये तिला ७२० पैकी ८६ गुण पडले. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १ सप्टेंबर २०१७ रोजी तिने आत्महत्या केली. बारा वर्षांच्या शाळेत जी मुलगी अस्सल सोने ठरली, ती तीन तासांच्या टेस्टमध्ये हिणकस कशी ठरली? कारण त्या टेस्टला शाळेपेक्षा क्लास लागतो, क्लासला पैसा लागतो आणि पैसा जातीच्या वाटेनेच चालत येतो. लातूरला किंवा राजस्थानातल्या कोट्याला मुलाला दोन वर्षे ठेवायला किती रुपये लागतात, हे शेतमजूर बापाला विचारा.

बरे, ही परीक्षा निदान शुद्ध तरी आहे काय? ५ मे २०२४ रोजी झालेल्या नीटचा निकाल लागला तेव्हा ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. १५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले होते, ते मागे घ्यावे लागले. झारखंडच्या हजारीबागेतून पेपर फुटल्याचे तपासात निघाले. तपासाचे धागे आपल्या लातूरपर्यंत आले. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली, पण हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटला हे मान्य केले. त्याच वर्षी १८ जूनला घेतलेली यूजीसी-नेट परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली. लाखो मुलांची टेस्ट घेणारी संस्था स्वतःच्या टेस्टमध्ये नापास झाली! तिला पुन्हा परीक्षेला बसवले कुणी?

आणि गुणवत्तेचे खरे रूप पाहायचे असेल तर सप्टेंबर २०२३ मधला निर्णय आठवा. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. शून्य! म्हणजे जो परीक्षेला बसला तो पात्र. राखीव जागेवरच्या मुलाला चार गुण कमी असले तर 'रुग्णांच्या जिवाशी खेळ' म्हणून गळा काढणारे तेव्हा कुठे होते? खाजगी महाविद्यालयांतल्या भरमसाट फीच्या जागा भरायच्या होत्या, तेव्हा रुग्णांचा जीव कुणालाच आठवला नाही. पैशासाठी रेषा खाली आणली तर ते धोरण, न्यायासाठी आणली तर तो गुणवत्तेचा खून. हा दुटप्पीपणा घराघरांत सांगितला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेच जानेवारी २०२२ मध्ये, वैद्यकीय प्रवेशातल्या ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात, स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, त्या गुणांमागे काही वर्गांना मिळालेले सामाजिक आणि आर्थिक फायदेही असतात, असे स्पष्ट केले आहे. हा निकाल आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी असायला हवा.

प्रवेश मिळाल्यावर तरी टेस्ट संपते काय? दिल्लीच्या एम्समधील जातीय भेदभावाची चौकशी करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिके आणि तोंडी परीक्षांत होणाऱ्या वेगळ्या वागणुकीची कैफियत तिच्यापुढे मांडली होती. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेला जात नसते. तोंडी परीक्षेत समोर चेहरा असतो, आडनाव असते. पुढे प्राध्यापकाच्या मुलाखतीला गेलात की एक नवा शेरा मिळतो, 'योग्य उमेदवार आढळला नाही'. पदवी आहे, नेट आहे, पीएच.डी. आहे, तरी 'योग्य' नाही. कशात अयोग्य, हे सांगण्याची सक्ती कुणावर नाही. ही टेस्ट नव्हे, हे गळ्यातले मडके आहे.

आता शिक्षकांची टीईटी पाहा. शिकवणारा माणूस लायक असावा यात वाद नाही. आपल्या वस्तीतली, पाड्यावरची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात. चांगला शिक्षक सर्वांत जास्त आपल्यालाच हवा आहे. पण डिसेंबर २०२१ मध्ये काय उघड झाले? महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच पुणे पोलिसांनी टीईटी घोटाळ्यात अटक केली. साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल बनावट निघाले. ज्याच्याकडे लाखो रुपये होते तो पास झाला. रात्रभर अभ्यास केलेली आपली मुलगी नापास होऊन घरी बसली. पुढे १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. ओट्यावरची ती शिक्षिका याच निकालाने पुन्हा विद्यार्थिनी झाली. पंधरा वर्षे शिकवल्यानंतर तिने पात्रता सिद्ध करायची. पण ज्या यंत्रणेने निकाल विकले, तिने आपली पात्रता कुठे सिद्ध केली?

न्यायालयातल्या टेस्ट तर आणखी निराळ्या. २००६ सालच्या नागराज खटल्याने पदोन्नतीतील आरक्षणाला अटी घातल्या. आधी मागासलेपण आकडेवारीने सिद्ध करा, मग अपुरे प्रतिनिधित्व सिद्ध करा, मग प्रशासनाची कार्यक्षमता ढासळणार नाही हे दाखवा. अनुसूचित जातींनी मागास असल्याचा पुरावा द्यायचा! हजारो वर्षांची अस्पृश्यता हा पुरावा पुरेसा नव्हता. मागासलेपण सिद्ध करण्याची अट काढायला २०१८ साल उजाडावे लागले. बाकीच्या अटी कायमच राहिल्या. या अटींच्या कचाट्यात आपल्या राज्यातली पदोन्नती सापडली. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने राखीव कोट्यातील पदोन्नतीच्या जागाही सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरले. स्थानिक स्वराज्य संस्थांतील ओबीसी आरक्षणाला मार्च २०२१ च्या निकालाने 'ट्रिपल टेस्ट' लागली: स्वतंत्र आयोग नेमा, संस्थानिहाय आकडेवारी गोळा करा, पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडू नका. ही तिहेरी टेस्ट पूर्ण होईपर्यंत ओबीसींच्या जागा खुल्या झाल्या.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल सवर्णांच्या दहा टक्के आरक्षणाचे विधेयक ८ जानेवारी २०१९ रोजी लोकसभेत आणि ९ तारखेला राज्यसभेत मंजूर झाले. १२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, १४ तारखेला कायदा लागूही झाला. एका आठवड्यात सारे आटोपले. आयोग कुठला? आकडेवारी कुठली? ट्रिपल टेस्ट सोडा, सिंगल टेस्टही झाली नाही. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते वैध ठरविले आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा अगदीच अभेद्य नाही असेही सांगितले. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींतल्या गरिबांना मात्र या गरिबीच्या व्याख्येतून वगळले. आमच्यासाठी भिंत दगडाची, त्यांच्यासाठी ती रबराची!

आणखी एक. १७ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रात सहसचिव, संचालक आणि उपसचिव दर्जाच्या ४५ जागा थेट भरण्याची जाहिरात निघाली. आरक्षण नाही, स्पर्धा परीक्षा नाही. ज्या पदांवर पोहोचायला आपली मुले पुण्या-दिल्लीत दहा-दहा वर्षे एका खोलीत चारजण राहून घासतात, तेथे टेस्टशिवाय मागच्या दाराने जाण्याची सोय झाली होती. देशभर ओरड झाली म्हणून २० ऑगस्टला जाहिरात मागे घ्यावी लागली. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश नेमायलाही कोणतीच परीक्षा नसते. २०१८ ते २०२२ या काळात नेमलेल्या ५३७ न्यायाधीशांपैकी सुमारे ७९ टक्के खुल्या प्रवर्गातले होते, अनुसूचित जातीचे तीन टक्केही नव्हते. ही माहिती खुद्द कायदा मंत्रालयाने संसदीय समितीला दिली. आमच्या प्रतिनिधित्वाचा पुरावा मागणाऱ्या व्यासपीठावरचे प्रतिनिधित्व कुणी तपासायचे?

हे केवळ भारतातच घडते असे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या माणसांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी 'साक्षरता टेस्ट' होती. संविधानाचे कलम वाचा आणि अर्थ सांगा, असे नोंदणी अधिकारी म्हणे. पास-नापास ठरवणारा गोरा असे. निरक्षर गोऱ्यांचे काय, असा प्रश्न आला तेव्हा काही राज्यांनी पळवाट काढली: ज्याचा आजोबा पूर्वी मतदार होता, त्याला टेस्ट माफ. गुलामांच्या आजोबांना मतदान कुठून असणार? ही आजोबांची पळवाट १९१५ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडली. तरी साक्षरता टेस्ट मोडायला १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. आजोबाच्या पुण्याईवर टेस्ट माफ होणे, हे आपल्याला ओळखीचे वाटत नाही काय?

टेस्टचा आणखी एक अर्थ आहे, रक्ताचा आणि पाण्याचा. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात वेंगैवयल नावाचे गाव आहे. तेथील दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत २६ डिसेंबर २०२२ रोजी मानवी विष्ठा आढळली. ते पाणी पिऊन मुले आजारी पडली होती. पुढे डीएनए टेस्टचा आदेश झाला आणि ज्यांनी ते पाणी प्यायले त्या दलितांचेच रक्तनमुने मागण्यात आले. काहींनी नकार दिला. पीडितांनाच आरोपी केले जात आहे, ही त्यांची भीती होती. जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या तपास यंत्रणेने त्याच वस्तीतील तीन दलित तरुणांवर ठपका ठेवला. गावकऱ्यांनी आणि अनेक पक्षांनी तो तपास अमान्य करून सीबीआय चौकशीची मागणी केली. गुन्हा कुणाचा हे न्यायालयाने ठरवायचे. आपला सवाल एवढाच की, गावात चहाचे वेगळे पेले आणि देवळाची बंद दारे आढळली असताना रक्ताची टेस्ट आधी कुणाच्या दारात पोहोचली?

ही वार्ता वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. पाणी बाटले म्हणून सवर्णांनी काय केले? तळ्यातून १०८ घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले आणि ते तळ्यात ओतून तळे 'शुद्ध' केले. माणसाच्या हाताने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध होते, ही त्या धर्माची प्रयोगशाळा! त्या १०८ घागरी आणि पेशवाईतले गळ्यातले मडके एकाच कुंभाराच्या आव्यातले आहेत.

येथवर जेथे आपल्याला अडवायचे आहे तेथल्या टेस्ट पाहिल्या. आता जेथे टेस्टने आपला जीव वाचेल ती जागा पाहा. गटारात माणूस उतरण्यापूर्वी आत विषारी वायू आहे काय हे तपासण्याचे यंत्र असते. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ साली कायदा झाला, त्याच्या नियमांतील सुरक्षा साहित्यात हे यंत्र आहे. मिनिटाभराची टेस्ट. ती होत नाही. केंद्र सरकारने २०२२ आणि २०२३ मधील गटार-टाक्यांतील ५४ मृत्यूंची तपासणी करवून घेतली, तेव्हा ४९ जणांच्या अंगावर एकही सुरक्षा साधन नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. पैसे वाढले, पण यंत्र ठेकेदाराच्या गाडीत आले नाही. नोकरी मागायला गेलेल्या आपल्या मुलाला तीन-तीन टेस्ट आणि मरणाच्या दारात उतरणाऱ्या त्याच्याच भावासाठी एकही टेस्ट नाही. आजच्या व्यवस्थेचे सार याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

टेस्ट पास झालो म्हणजे सुटलो असेही नाही. ओट्यावरच्या क्रिकेटवेड्या पोरांनी पळवणकर बाळूंचे नाव ऐकले पाहिजे. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात हिंदू संघाकडून खेळे. मैदानावर सारे त्याच्या गोलंदाजीवर जिंकत. चहाच्या वेळी इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या, वापरून फेकण्याच्या भांड्यात चहा मिळे. पुन्हा तेच मडके! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही मोठ्या वादानंतर. कर्तृत्वाची कसोटी बाळू शंभर वेळा उतरले. नापास झाले ते भांडे वेगळे ठेवणारे.

मग आपण टेस्टच्या विरोधात आहोत काय? मुळीच नाही. असा अर्थ कुणी काढला तर तो चळवळीचा घात ठरेल. ज्या महामानवाने वर्गाबाहेर बसून शाळा शिकली आणि कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळविल्या, त्याचे अनुयायी परीक्षेला भिणारे नाहीत. बाबासाहेबांनी आपल्याला आणखी एक गोष्ट शिकविली: टेस्ट उलटी फिरवायची. चवदार तळ्याच्या खटल्यात सवर्णांचा दावा होता की, अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे. बाबासाहेबांनी त्या वहिवाटीलाच कसोटीवर चढवले. अनादी आहे तर सिद्ध करा! दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अशी पुरातन वहिवाट सिद्ध झालेली नाही. हजारो वर्षांचा धर्म म्हणून जे मिरवले जात होते, ते पुराव्याच्या पहिल्याच टेस्टमध्ये नापास झाले. आमची शुद्धता तपासायला निघालेल्यांना आपल्या रूढीचा पुरावा देता आला नाही.

तथागताने तर त्याहून पुढचे सांगितले. ऐकीव म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, हे कालामांना केलेले आवाहन आपल्याला ठाऊक आहे. मज्झिम निकायात वीमंसक सुत्त आहे. त्यात भगवान बुद्ध भिक्खूंना सांगतात की, खुद्द तथागताचीच तपासणी करा. बोलणे आणि वागणे पाहा, मगच श्रद्धा ठेवा. जगात कोणत्या धर्मसंस्थापकाने स्वतःला असे परीक्षेला बसवले? परीक्षा घेणाऱ्याने आधी परीक्षा द्यावी, हा आपला धम्म आहे.

या कसोटीवर आज तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. पहिली, जातनिहाय जनगणना. अनुसूचित जाती-जमातींची मोजणी दर जनगणनेत होते. इतर जातींची संपूर्ण मोजणी १९३१ नंतर प्रसिद्ध झालेली नाही. आमच्याकडे आकडेवारी मागायची आणि स्वतःला मोजू द्यायचे नाही, हा खेळ नव्वद वर्षे चालला. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केला. ही देशाची खरी टेस्ट आहे. केवळ डोकी मोजून भागणार नाही. जमीन, नोकरी, उच्च शिक्षण कुणाच्या वाट्याला किती, हेही बाहेर आले पाहिजे. दुसरी, मुलाखती आणि तोंडी परीक्षांचा हिशेब. 'योग्य उमेदवार नाही' असा शेरा मारणाऱ्या समितीने लेखी कारण द्यावे आणि समितीत कोण बसले होते हे जाहीर व्हावे. तिसरी, गटारात वायूची टेस्ट न करता माणूस उतरवणाऱ्या ठेकेदारावर आणि त्याला काम देणाऱ्या अधिकाऱ्यावर गुन्हा. भरपाईचा धनादेश हा शिक्षेला पर्याय असू शकत नाही.

आणि एक टेस्ट आपली स्वतःचीही. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली, काही न्यायमूर्तींनी क्रिमीलेअरचीही भाषा केली. चळवळीने २१ ऑगस्टला भारत बंद पुकारला. आपल्यात फूट पाडण्याचा धोका त्यात आहे, ही भीती खोटी नाही. पण विरोध करताना स्वतःला विचारले पाहिजे: आपल्याच यादीतल्या ज्या जातींची मुले अजून दहावीच्या पुढे गेली नाहीत, झाडू ज्यांच्या हातून सुटला नाही, त्यांच्या वस्तीत आपली अभ्यासिका आहे काय? आपल्या विहारात त्यांची मुले येतात काय? आपण बोलावले काय? दुसऱ्याला कसोटीवर चढवणाऱ्याने या प्रश्नांतून पळ काढू नये. नाहीतर आपल्यात आणि त्यांच्यात फरक उरणार नाही.

युरोपातल्या कारागिराचे मडके सोन्याबरोबर आगीत जात असे. सोने तापायचे तसे मडकेही तापायचे. आपल्या देशात मात्र परीक्षा घेणारे शतकानुशतके सावलीत बसले आणि आगीत आपण उभे राहिलो. आजीच्या प्रश्नाला आता उत्तर द्यायला हवे. आजी, त्यांची टेस्ट आजवर कुणी घेतली नाही, कारण आपण घेतली नाही. बाबासाहेबांनी महाडला ती घेऊन दाखवली. पुढची आपण घ्यायची आहे.

जयभीम!